आकडे दिसेपर्यंत

मी बोलते छान. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी म्हणेल म्हणून वाट बघत बसले असते तर केस पिकले असते. गेल्या वर्षापर्यंत मी इतकी गप्प असायचे की एकदा हजेरीला मी ‘हजर’ म्हणाले ते सरांना ऐकूच गेलं नाही आणि पहिल्या बाकावर बसून मी दिवसभर गैरहजर राहिले. मग वाचनालयातल्या शनिवारच्या टेबलावर खेळायला लागले आणि तोंडाचं कुलूप असं काही निघालं की आता परत लावायचं म्हटलं तरी सापडत नाही. घरात आणि टेबलावर मला भोंगा म्हणतात. मला आवडतं.

टेबल म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं, खिडकीजवळचं लांब टेबल. तिथे आम्ही सुपरहिरोंचा खेळ खेळतो. बोटाएवढे रंगवलेले वीर, प्रत्येकाच्या पायाखाली एक गोल बैठक, बैठकीत फिरणारी चकती आणि बैठकीला एक इवलीशी खिडकी. खिडकीत तीन आकडे दिसतात: किती धावतो, किती नेम धरतो, किती जोरात मारतो. वीराला फटका बसला की चकती फिरवायची, खिडकीत पुढचे आकडे येतात आणि ते आधीपेक्षा लहान असतात. असं होत होत शेवटी खिडकीत फुली येते. फुली आली की वीर आडवा. म्हणजे हे वीर नुसते शोभेचे नाहीत, ते दमतात. मला या खेळातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. दमलेला सुपरहिरो!

एरवी हे वीर बंद पाकिटांत मिळतात आणि आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. एकच वीर तीनदा निघाला की माणसं रडकुंडीला येतात. पण शिकाऊ लोकांसाठी असतो तो स्टार्टर सेट सरळमार्गी. झाकणावर जे चित्र तेच आत: सहा वीर, फासे, घडीचा नकाशा आणि पातळसं नियमांचं पुस्तक. आमच्या टेबलाचा एक सामायिक स्टार्टर सेट आहे. त्यातल्या वीरांची खरी नावं लांबलचक आणि परकी आहेत, म्हणून आम्ही त्यांचं बारसं परत केलं. धुक्यात विरघळणारा तो धुकेराव. भिंतीतून आरपार जाणारा तो भिंतफोडे. आणि लोखंडी बाह्यांची, कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती पोलादी मावशी. नव्या मुलांना आधी पोलादी मावशीच द्यायची, कारण ती सगळ्यात दणकट.

नव्यांना शिकवायचं काम माझं. हे काम मी मागून घेतलं होतं. सरदारनं दिलं. सरदार म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठा, चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, आणि खेळताना मागे रेलून अशा थाटात फासे टाकतो की त्याला दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं.

त्या शनिवारी मी एका मुलाला निरोप देऊन हात झटकत होते, तेवढ्यात ग्रंथपालबाई दारात आल्या.

“आजचा कसा होता?”

“एकदम हुशार, बाई! पुढच्या वेळी सरदारला पाणी पाजेल.”

“पुढच्या वेळी येईल का?”

“न यायला काय झालं?”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या असं करतात तेव्हा चांगलं काही निघत नाही. “हे बघ, मी रोज दाराशी बसते. तुमच्याकडे नवीन मुलं येतात खूप, पण एकदाच. हसत येतात, मान खाली घालून जातात आणि परत तोंड दाखवत नाहीत. तिकडे विणकामाच्या बायका जागा मागतायत. त्यांना खिडकीचा उजेड हवा. त्यांच्यात आलेली बाई टिकते.”

“बाई, विणकाम कुठेही करता येतं!”

“खेळही कुठेही खेळता येतो. मी अन्याय करणार नाही. पुढच्या शनिवारी, आधी येऊन गेलेलं एक तरी माणूस परत आलेलं मला दिसू दे. नाहीतर टेबल त्यांचं.”

सरदारला सांगितलं तर तो म्हणाला, “नवखे टिकत नाहीत. नवखे पटापट पडतात. तसंच असतं.” आणि धुकेरावाला डबीत ठेवून घरी गेला.

त्याचं ठीक आहे. त्याचं एक दुकान आहे, दोस्त आहेत, बोलायला शंभर जागा आहेत. माझी बोलायची जागा ते एकच टेबल. शाळेत मी आता बोलते ती शनिवारच्या जोरावर. शनिवार गेला तर सोमवारी मी परत गैरहजर, हे मला आरशात बघावं इतकं स्वच्छ दिसत होतं.

मग मी विचार केला की चूक माझ्या शिकवण्यातच असणार. मी जरा जास्त बोलत असेन. (जरा.) किंवा मी जिंकते म्हणून त्यांना वाईट वाटत असेल. पण हरूनही बघितलं होतं मी! त्याच महिन्यात माझ्याच शाळेतली, दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी आली होती. तिच्या घरची लाँड्री आहे. तिची पोलादी मावशी पहिल्याच फटक्याला आडवी झाली. तिनं ती परत उठवली, तेव्हा मी मुद्दाम भिंतफोडेला उघड्यावर आणून ठेवलं, जणू ‘मार मला’. तिनं माझ्याकडे बघितलं, फासे खाली ठेवले आणि म्हणाली, “मला कीव नकोय.” आणि गेली. शाळेत आता ती मला बघून जिना बदलते.

मी स्टार्टर सेट पिशवीत घातला आणि घरी नेला. म्हटलं आईवर प्रयोग करू. माझी आई दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवत असते, त्यामुळे तिची बोटं कमालीची शांत आहेत, आणि जीभ अजिबात नाही.

“या बाहुल्यांशी मी खेळायचं?” जेवणाचं टेबल पुसता पुसता ती म्हणाली.

“बाहुल्या नाहीत गं, वीर आहेत! आणि तू नवीन मुलगी आहेस असं समज. मी तुला शनिवारी बोलते तसंच्या तसं बोलणार. मधे अडवू नकोस.”

“तुला अडवलंय कुणी आजवर?”

मी नकाशा पसरला. भिंती, छपरं, चौकोन चौकोन रस्ते. मग माझं नेहमीचं भाषण सुरू केलं, आणि खरं सांगते, ते ऐकण्यासारखं असतं. “ही पोलादी मावशी. हिला कुणी ढकलू शकत नाही. हिच्या पायाखालची चकती बघ, खिडकीत आत्ता फुली आहे, म्हणजे मागच्या खेळात ही पडली होती. पण आज नवा दिवस! चकती मागे फिरव, आकडे दिसेपर्यंत फिरव. दिसले? झालं, मावशी जिवंत झाली!”

हे वाक्य माझं नाही, सरदारचं. ‘आकडे दिसेपर्यंत फिरव.’ ‘नवा दिवस’ तेवढं माझं.

आईनं चकती एक घर मागे फिरवली, आकडे आले, तिनं मावशीला रस्त्यात उभं केलं. मी धुकेराव छपरावरून उतरवला, फासे टाकले. फटका बसला. आईनं चकती पुढे फिरवली. फुली.

“आडवी करायची?” आईनं विचारलं.

“हो, म्हणजे, असं होतं कधीकधी. परत उठव. आकडे दिसेपर्यंत.”

आईनं उठवली. या वेळी मावशीनं एकदा उलटा वार केला, तो लागलाच नाही, आणि धुकेरावाच्या पुढच्या फटक्याला ती पुन्हा आडवी.

आईनं तिला चिमटीत उचलून दिव्यासमोर धरलं. “हिला पोलादी कोण म्हणालं? माझ्या मेणाच्या कवळ्या हिच्याहून टिकतात.”

“नवखे पटापट पडतात,” मी म्हणाले. सरदारचा आवाज आला माझ्या तोंडून, मलाच कसंतरी झालं.

“माझं सोड. ही बाईच लंगडत आल्यासारखी वाटतेय.” आईला हात मोकळे ठेवता येत नाहीत. बोलता बोलता ती चकती फिरवत राहिली, मागे, आणखी मागे, कट्, कट्, कट्. “अगं, इकडे तर चांगले गलेलठ्ठ आकडे आहेत. आणि ही हिरवी रेघ कसली?”

मी बघितलं. मग मी खुर्चीवरून उठले. मग परत बसले, कारण उठून करायचं काहीच नव्हतं.

हिरवी रेघ म्हणजे सुरुवात. ताज्यातवान्या वीराची जागा. हे मला माहीत आहे! प्रत्येक जुन्या खेळाडूला माहीत आहे. माझे स्वतःचे वीर मी खेळ संपल्या संपल्या हिरव्या रेघेवर आणून डबीत ठेवते, झोपेत सांगितलं तरी ठेवीन, बोटंच ठेवतात. पण आमच्या टेबलावर एक रीत आहे. हरलेल्याच्या वीराला जिंकलेल्यानं हात लावायचा नाही. ज्याचा वीर त्यानं उठवायचा. आणि खेळताना दुसऱ्याच्या चकतीखाली डोकवायचं नाही, ते संशय घेतल्यासारखं दिसतं. जुन्या लोकांत ही रीत शोभते. पण स्टार्टर सेटचे वीर कुणाचेच नाहीत. नवा माणूस हरतो, उठून जातो, मावशी फुलीवरच राहते. पुढचा नवा माणूस येतो. आम्ही त्याला म्हणतो, आकडे दिसेपर्यंत फिरव. तो बिचारा फुलीवरून एक घर मागे फिरवतो, आकडे दिसतात, तो थांबतो. सांगितलंय तेवढं करतो! आणि ते आकडे असतात मावशीच्या शेवटच्या श्वासाचे.

म्हणजे आमच्याकडे आलेला प्रत्येक नवा माणूस मरायला टेकलेल्या वीरांनी खेळत होता. आणि आम्ही समोर बसून डोकं हलवत होतो, की नवखे पटापट पडतात.

“आई,” मी म्हणाले, “मी इतके दिवस लोकांना अर्धमेल्या बाया देत होते.”

“मग आता एक धडधाकट दे,” आई म्हणाली. तिनं मावशीला हिरव्या रेघेवर आणलं आणि नकाशावर दाणकन ठेवलं. “चल, माझी पाळी.”

त्या खेळात आईनं धुकेरावाला भिंतीत कोंडून मारलं. मला काडीचं वाईट वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी तडक चष्म्याच्या दुकानात. सरदार मशीनवर एका काचेची कड घासत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं नाही.

“मग काय झालं? मीही असाच शिकलो. पहिल्या पहिल्यांदा माझे वीर टेकवायच्या आत पडायचे. मला शिकवणारा म्हणायचा, सोस. मी सोसलं.”

“तुला काय सांगून शिकवलं होतं त्यानं?”

“काय म्हणजे? हेच. आकडे दिसे...”

आणि मशीन बंद झालं. काच हातात धरून तो तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक असतं तर वाटलं असतं, काचेत खोट आहे.

“सबंध पावसाळा,” तो हळूच म्हणाला. “सबंध पावसाळाभर मी हरलो. मला वाटायचं माझ्यात काहीतरी कमी आहे. घरी जाऊन फासे टाकायचा सराव करायचो.”

“फासे टाकायचा सराव?”

“हसू नकोस.”

“नाही हसत.” (हसत होते, पण आतल्या आत.) “पण तू टिकलास तो हट्टी म्हणून. सगळे थोडेच तुझ्यासारखे दगड असतात?”

“दगड कुणाला म्हणतेस, भोंगे?” पण आवाजात दम नव्हता. त्यानं काच फडक्यात गुंडाळली. “रीत मोडायची म्हणजे जुन्यांना पटणार नाही.”

“रीत नको मोडूस. स्टार्टर सेट कुणाचा नाही ना? मग तो माझा. मी शिकवते, वीर माझे, उठवणारी मी. खेळ संपला की सगळे हिरव्या रेघेवर आणूनच झाकण लावणार. कुणाच्या अंगाला भोकं पडणार आहेत?”

त्यानं गुंडाळलेली काच बाजूला ठेवली. “तू आधी इतकी बोलायचीस नाहीस.”

“आधी मी गैरहजर होते,” मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, पण मान हलवली. तेवढं पुरे होतं.

राहिली लाँड्री.

आता सरदारशी बोलणं सोपं, टेबलावर आलेल्या अनोळखी पोराशी बोलणं त्याहून सोपं. पण जी मुलगी आपल्याला बघून जिना बदलते तिच्या दुकानात जायचं म्हणजे मोठीच कसरत. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाटी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. मग गेले. आत गरम ओला वास, वर तारेवर प्लास्टिकच्या पिशव्यांतले कोट, आणि मागे तिचे काका वाफेच्या इस्त्रीखाली एका पँटची घडी बसवत होते. ती गल्ल्याशी बसून शर्टांना चिठ्ठ्या टाचत होती.

“कपडे द्यायचेत की न्यायचेत?” तिनं वर न बघता विचारलं.

“तुला न्यायचंय.”

आता बघितलं. “मला कीव नकोय, सांगितलंय ना.”

“कीव कसली? मी माफी मागायला आलेय. ऐकून तर घे.” आणि मी पिशवीतून पोलादी मावशी काढली, शर्टांच्या ढिगाऱ्यावर उभी केली आणि फुलीपासून हिरव्या रेघेपर्यंत चकती तिच्यासमोर फिरवली. एकेक घर. या वेळी मी बोललेच नाही, कारण आकडेच वाढत चालले होते आणि ती ते वाचत होती.

“मी कुठे होते?” तिनं विचारलं.

मी दाखवलं. फुलीच्या अलीकडचं घर.

“इथे? सुरुवातीलाच?”

“सुरुवातीलाच.”

मागे इस्त्रीनं फुस्स केलं. मग ती म्हणाली, “मी घरी सांगितलं होतं, मला असले खेळ जमत नाहीत म्हणून. बाबा म्हणाले, नसेल जमत, सगळ्यांना सगळं कुठे जमतं. आणि मी ‘हो’ म्हणाले.” ती मावशीकडे बघत होती. “मी ‘हो’ कशाला म्हणाले?”

मी मावशीला परत हिरव्या रेघेवर आणलं. मग तिच्या पुढ्यात ठेवलं.

“कोण आलंय गं?” काकांनी आतून विचारलं.

“शाळेतली आहे.” मग माझ्याकडे वळून, हळूच, “शनिवारी दुकानात गर्दी असते.”

“संध्याकाळी ये. थोडा वेळ.”

“बघते.”

आता ‘बघते’ म्हणजे काय, हे कुणालाच कधी कळलेलं नाही. माझी आई ‘बघते’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘नाही’. आत्या ‘बघते’ म्हणते तेव्हा ती आधीच दारात चपला घालून उभी असते.

शनिवारी दुपार सरली. दोन नवीन पोरं आली, त्यांना मी धडधाकट वीर दिले. त्यांनी एकमेकांना असं काही झोडपलं की सरदारनं दोनदा मान वळवून बघितलं. पण ती नवीन होती, त्यांचा हिशेब पुढच्या आठवड्याचा. बाईंना हवं होतं परत आलेलं माणूस. बाई दोनदा दारात येऊन गेल्या. विणकामाच्या बायकांपैकी एक तर खिडकीचा उजेड बघून गेली, लोकरीचा गुंडा काखेत धरून.

ती आली तेव्हा बाहेर दिवे लागत होते. केसांना वाफेचा वास, बोटाला टाचणी टोचल्याची पट्टी.

“मी फक्त बघायला आलेय.”

“बघ ना,” मी म्हणाले आणि सरदारच्या समोरची खुर्ची ओढली. सरदारनं नकाशा सरळ केला. ती बसली, मावशी उचलली, उलटी केली, हिरवी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि मग शेजारच्या भिंतफोडेचीही बघितली. मग सरदारकडे बघून म्हणाली, “तुझेही दाखव.”

टेबलावरचे जुने दोघे श्वास रोखून बसले. दुसऱ्याच्या चकतीखाली डोकवायचं नसतं. सरदारचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला, आणि मग त्यानं आपले तिन्ही वीर एकेक करून उलटे धरले. “बघ.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “टाक फासे.”

काय खेळली! छान खेळली असं नाही, चुका ढीगभर केल्या, पण मावशी पहिल्या फटक्याला हलली नाही. दुसऱ्याला आकडे उतरले, तशी तिनं तिला लगेच भिंतीआड नेलं. “दमलीय ती, जरा बसू दे.” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मोठे आकडे आधी बघितलेत म्हणूनच लहान झालेले टोचतात, हे मला तेव्हा उमगलं. धुकेराव मागे लागला. भिंतफोडे आडवा झाला. सरदार पुढे वाकून बसला होता, रेलायचं विसरून. मी शिकवायचं विसरले. नवीन पोरं खुर्च्यांवर गुडघे टेकून बघत होती.

“वाचनालय बंद होतंय,” बाई दारातून म्हणाल्या.

“थांबा हं बाई, माझी पाळी आहे,” ती मान न वळवता म्हणाली.

बाई आत आल्या. तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “ही तीच ना? मागे पाणावल्या डोळ्यांनी गेलेली?”

“मी रडले नव्हते,” ती म्हणाली, “धूळ होती.”

“माझ्या वाचनालयात धूळ नसते,” बाई म्हणाल्या. “उद्या सुट्टी आहे. दिवे घालवायचे आहेत. उठा.”

“पण मग हे सगळं उचलावं लागेल!” सरदार म्हणाला. सरदार! ज्याला नवख्याबरोबरचा खेळ अर्धा सोडून जायला कधी काही वाटलं नाही.

बाईंनी नकाशाकडे बघितलं. भिंतीआड उभी मावशी, छपरावर धुकेराव, मधे फासे पडलेले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या दांडीवरची जुनी वर्तमानपत्रं काढली, दोन पानं पसरून नकाशावर अलगद झाकली आणि कडेला पुस्तकं ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

“राहू दे असंच. विणकामवाल्यांना मी पुढची खोली देते, तिथे नवीन दिवे बसवून घेते. पुढच्या शनिवारी संपवा.” दाराशी जाऊन त्या थांबल्या. “आणि संपलं नाही तर?”

“नाहीच संपणार, बाई,” लाँड्रीवाली म्हणाली. ती कागदाचा कोपरा उचलून परत एकदा आत बघत होती. “माझी मावशी अजून बरीच शिल्लक आहे.”